सोडायचा मासा

१ जून २०१४, रविवार

हे गेले. चहासुद्धा न घेता. टोपी घालून, मासे पकडायची काठी घेऊन, बेडोक रिझर्व्हॉयरच्या तळ्यावर. दार हळू ओढून घेतलं, मला जाग येऊ नये म्हणून. मी जागीच होते.

कंपनीची ही डायरी जानेवारीपासून कोरी पडलीय. आजपासून लिहिणार. सातवी शिकलेय, अक्षर चांगलं आहे. घरात मी बोलते ते कोणी ऐकत नाही, तर इथे लिहीन.

काय झालंय ते एकदाचं लिहून टाकते. हे म्हणजे आमचे यादवराव, तुआसला कारखान्यात फोरमन. इथून, टॅम्पिनीसहून, एमआरटी ट्रेनने जू कूनपर्यंत, पुढे कंपनीची बस. सोमवार ते शनिवार घरी येतात ते पोतं टाकल्यासारखे. एक रविवार माझा होता. तोही फेब्रुवारीपासून गेला. शेजारच्या ब्लॉकमधल्या प्रबोधने नेला. हा प्रबोध पुण्याचा, वन-नॉर्थच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. त्याने ह्यांना क्लबात घातलं. क्लबाचं नाव ट्राउट क्लब. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, सिंगापुरात मिळतच नाही. म्हणजे नसलेल्या माशाचा क्लब. पुण्याच्या माणसाला शोभतं.

संकल्प: दिवाळीच्या आत रविवार परत मिळवायचा. नवरा घरात, आणि माझ्याशी बोलतोय, असा रविवार. ह्यात अवघड काही नाही.

३ जून, मंगळवार

जेवणं झाली, टेबल पुसलं, की ह्यांचं दुकान मांडलं जातं. टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा लावतात, त्यात गळ अडकवतात आणि त्याच्यावर पिसं, दोरा, चमकी गुंडाळून माशी तयार करतात. माशाला वाटतं खरीच माशी, की तो गिळतो. चोपन्न वर्षांचा माणूस, नाकावर चष्मा, माशी बांधतोय.

मी समोर बसले. स्नेहलच्या पुढच्या कॉलेजचं काय ठरवलंत, विचारलं. हूं. गावी भावजींना फोन केलात का. हूं. घराला आग लागलीय, म्हटलं. हूं.

स्नेहलने मोबाइलमधून डोकं वर काढलं. रिअली आह, म्हणाली. निदान पोरीच्या कानाला तरी पोचतं.

८ जून, रविवार

गळांची डबी काल तांदळाच्या डब्यात लपवली. म्हटलं बघू आता कसे जातात. शोधलीसुद्धा नाही. प्रबोधकडून दुसरी मागून घेतली आणि गेले.

दुपारी तांदूळ काढताना गळ माझ्याच अंगठ्यात. क्लबाच्या गळाला उलटा काटा नसतो, मासा पटकन सुटावा म्हणून, त्यामुळे लगेच निघाला. तरी चूक ह्यांचीच. घरात गळ ठेवायचेच कशाला.

१५ जून, रविवार

नवा विचार. नवरा तळ्यावर, तर मीही तळ्यावर. मी हर्णैची. बंदरावर वाढलेली. मला तळं काय सांगता.

पहाटेच पंजाबी ड्रेस आणि बूट घालून दारात उभी राहिले. ह्यांना एवढा आनंद झाला की शब्द फुटेना. टोपी काढली, परत घातली.

क्लबाचे प्रेसिडेंट मिस्टर कोह. रिटायर्ड मास्तर, काडीसारखे, पांढरी हॅट. मला मॅडम म्हणतात. त्यांनी नियम सांगितला: मासा पकडायचा, मोजायचा, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा. मी विचारलं, खात नाही? नो मॅडम. विकत नाही? नो मॅडम. मग म्हटलं, त्याला झोपेतून उठवता कशाला? 

मी घरून कणीक नेली होती, सुकट कुटून घातलेली. ह्या पिसांना कोण विचारतंय. चार गोळे टाकले तोवर युनिफॉर्मवाला आला. ह्या तळ्यात म्हणे खरं खाणं घालायला बंदी, खोटंच चालतं. नाव विचारलं. मी ह्यांचं दिलं. घरचे कर्ते तेच. तर ताकीद ह्यांच्या नावावर बसली. काही बोलले नाहीत. स्वभाव शांत झालाय त्यांचा, माझ्यामुळे.

१९ जून, गुरुवार

कारखान्यात आवाज फार, म्हणून कानात घालायला पिवळी बुचं देतात. ती हे काढायला विसरतात. परवा जेवताना होती. काल टीव्ही बघताना होती. मला काळजी वाटली, ब्लॉकखालच्या क्लिनिकात घेऊन गेले. डॉक्टरीण चिनी, तरुण. तपासून म्हणाली, कान एकदम उत्तम. मी विचारलं, मग घरी ऐकू का येत नाही? स्नेहल इंग्रजी करून सांगायला आली होती, तिने ते सांगितलंच नाही. मी माझं मीच विचारलं, हाऊ अॅट होम नो हिअर. डॉक्टरीण ह्यांच्याकडे बघून हसली. हेही हसले, तोंड मिटून.

डॉक्टर बदलायला हवा.

६ जुलै, रविवार

चौथा रविवार तळ्यावर. माझ्यामुळे क्लबात जान आलीय. आधी सगळे मयताला आल्यासारखे उभे असायचे.

मिस्टर कोह हळूच म्हणाले, मॅडम, आवाजाने मासा जातो. मी म्हटलं, माशाला कान दाखवा. हे उठले आणि काठाने पुढे जाऊन उभे राहिले. एकटे पडतील म्हणून मीही गेले. ते आणखी पुढे गेले. मीही. असं करत करत तळ्याला जवळजवळ प्रदक्षिणा झाली. लग्न झाल्यापासून एवढं आम्ही कधी एकत्र चाललो नव्हतो.

वाटेत मी त्यांना गावच्या आक्काच्या सुनेची सगळी भानगड सांगितली. शेवटपर्यंत ऐकली. निदान मी संपवली.

२० जुलै, रविवार

मोठी बातमी. ७ सप्टेंबरला क्लबाची स्पर्धा. सगळ्यात लांब मासा ज्याचा, त्याला डिसेंबरात क्लबाबरोबर न्यूझीलंडला फुकट नेणार. तिथे खरे ट्राउट. गार नदी, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं.

प्रबोधने हे सांगितलं तेव्हा मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. माणूस उजळला. पोरगी झाली तेव्हा असे दिसले होते.

आम्हाला न्यूझीलंडला जायचंय. ठरलं. मी मुस्तफाच्या दुकानातून स्वेटर घेऊन आले. दोन. माझा मरून.

स्नेहल म्हणाली, आई, वन सीट मीन्स वन पर्सन लाह. हिला जगाची रीत कळत नाही. नवऱ्याला बोलावलं की बायको आलीच.

२७ जुलै, रविवार

आजपासून श्रावण. गौरी-गणपती होईपर्यंत घरात मासा नाही. मला वाटलं आता तळंही बंद. ह्यांना तसं सांगितलं. खूप दिवसांनी पुरं वाक्य बोलले. म्हणाले, अगं, खायचा नसतो, आपण तर सोडतो.

विचार केला. खरं आहे. श्रावणात पकडून सोडला तर पाप नाही, उलट पुण्य. क्लबाचा हा नियम आधी येडेपणा वाटला होता, पण निदान श्रावणात बसतो.

१० ऑगस्ट, रविवार

ह्यांची माशी बारीक असते. काळी, करडी. माशाला दिसणार कशी? म्हणून मी बांधली. वाती मी वळते, गजरे मी करते, गोधड्या शिवल्यात, हे काय मोठं. देवघरातलं मोरपीस, जुन्या पैठणीच्या काठाची जर, स्नेहलच्या टिकल्या. दोन संध्याकाळी गेल्या. उठून दिसते.

तळ्यावर सगळ्यांना दाखवली. मिस्टर कोह म्हणाले, व्हेरी फेस्टिव्ह. प्रबोधने तळहातावर घेऊन उलटसुलट केली. म्हणाला, वहिनी, ही माशी नाही, ही वरात आहे. पुढे बँड हवा फक्त.

हसू देत. मी ह्यांच्या काठीला बांधली आणि म्हटलं, टाका. ते टाकेनात. मग मी टाकली. मागे मिस्टर कोह उभे आहेत हे मला कोणी सांगितलं नाही. हॅट गेली तळ्यात. बदकासारखी तरंगत बरीच लांब गेली.

आल्यावर हे आंघोळीला गेले, ते पाऊण तास बाहेरच आले नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार

आज एक झालं. लिहू की नको.

तळ्याच्या टॉयलेटमधून बाहेर येत होते. भिंतीपलीकडे हे आणि प्रबोध बसलेले. हे बोलत होते. भराभर, मध्येच हसत. मला आवाज ओळखायला वेळ लागला. सांगत होते, न्यूझीलंडला म्हणे नदीच्या एका वळणावर एकच माणूस सोडतात. दुसरा पुढच्या वळणावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. नुसतं पाणी. प्रबोध म्हणाला, बोअर व्हाल. हे म्हणाले, छे रे.

मी पुढे आले. गप्प झाले. दमले असतील.

त्यांना हे कळलेलं दिसत नाही की वळणावर मीही असणार. दिवसभर एकटं उभं राहायची पाळी मी येऊ देणार नाही. पण ते तोंडावर सांगितलं नाही. अचानक कळलं की जास्त आनंद होतो.

संकल्प: स्पर्धेला मन लावून मदत करायची. मासा हातचा जाऊ द्यायचा नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

श्रावण संपला. गौरी-गणपतीही गेले. उद्या स्पर्धा. तयारी: थंड पाणी, बर्फाची पेटी, पराठे, उन्हाची छत्री. तोंडाला मासा लागून महिना उलटलाय, पण तो विषय वेगळा.

हे संध्याकाळभर माशी बांधत होते. एक झाली, सोडली. दुसरी, सोडली. शेवटी एक करडी, माझ्या नखाएवढी. कोटाच्या कॉलरला फूल लावावं तशी टोपीला लावून ठेवली. मी म्हटलं, लहान आहे. हूं म्हणाले, पण चांगलं हूं.

७ सप्टेंबर, रविवार, दुपारी तीन

शांतपणे, जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नऊच्या सुमाराला ह्यांना मासा लागला. असा मासा मी त्या तळ्यात बघितला नव्हता. पिवळा, अंगावर काळे पट्टे, शेपटीवर मोरपिसाचा डोळा. पीकॉक बास म्हणतात. कोपरापासून बोटांपर्यंत, वर थोडा.  जाळीत घेतला, जाळी पाण्यातच ठेवली. नियम असा की मिस्टर कोहनी येऊन मोजायचा आणि मासा पोहत गेलेला सगळ्यांना दिसला पाहिजे, मगच तो स्पर्धेत धरायचा. मिस्टर कोह लांब, दुसऱ्या टोकाला. हाक मारून ऐकू जाईना.

हे माझ्याकडे वळले. नंदा, म्हणाले. नावाने. जाळीचा दांडा माझ्या हातात दिला. म्हणाले, फक्त एवढं धरून ठेव. पाण्यात. मी आलोच. आणि पळत गेले. ह्यांना पळताना मी पहिल्यांदा बघितलं.

मी धरली. तो धडका देत होता. जाळी केवढीशी. एक धडक अशी बसली की दांडा सुटतोय वाटलं. मला दिसलं, हा गेला की न्यूझीलंड गेलं, ह्यांचं तोंड परत विझलं. बंदरावर आम्ही पकडलेला मासा कधी सोडला नाही. हाताला जे येतं ते हात करतो. कल्ल्यात बोट घालून वर घेतला, दगडाने डोक्यावर दोन दिले, बर्फाच्या पेटीत ठेवला. मग वाटलं उन्हाने खराब होईल, म्हणून पोट साफ केलं. मिस्टर कोहांची बारीक कात्री तिथे पडली होती, छान चालते.

ते आले. सगळेच आले. मी झाकण उघडून दाखवलं. म्हटलं, घ्या मोजून, आता कुठे जात नाही.

 मिस्टर कोहनी टेप खिशात ठेवला. नेव्हर माइंड, म्हणाले, नेव्हर माइंड, तेच तेच. मग त्यांना कात्री दिसली. प्रबोध, ज्याला सगळ्यावर बोलता येतं, तो पाण्याकडे बघत होता. हे पेटीपाशी खाली बसले. त्या माशाच्या अंगावरून एकदा हात फिरवला. झाकण लावलं.

प्रबोधच्या माशाला नंबर मिळाला. माझ्या हातभर माशापुढे तो म्हणजे मांदेली.

मला वाटतं नियमच चुकीचा आहे.

त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर

हळद, मीठ, कोकमाचं आगळ, तांदळाचं पीठ. कुरकुरीत झाला. गोड्या पाण्यातला असून मातकट नाही. स्नेहलने हात लावला नाही. ह्यांनी दोन तुकडे खाल्ले. काटे ताटाच्या कडेला नीट रांगेत लावून ठेवले. मी विचारलं, बरा झालाय? मान हलवली.

म्हणजे राग नाही. राग असता तर खाल्ला नसता.

१४ सप्टेंबर, रविवार

हे घरी. काठी, शिकंजा, पिसांची पेटी, सगळं प्रबोधला देऊन टाकलं. विचारलंसुद्धा नाही कुणाला.

संकल्प पुरा झाला, दिवाळीच्या कितीतरी आधी. ठरवलं की मी करते. दुपारी वालाचं बिरडं केलं, त्यांच्या आवडीचं.

दिवसभर खिडकीशी बसले होते.

२८ सप्टेंबर, रविवार

हे घरी. खिडकीतून खालचा कार पार्क बघतात. मी विचारलं, काय बघताय? काही नाही, म्हणाले. मी खुर्ची शेजारी ओढून बसले. गाड्या आल्या, गाड्या गेल्या. आक्काच्या सुनेचं पुढे काय झालं ते सांगितलं. मध्येच लक्षात आलं, हे मी मागच्या रविवारीही सांगितलं होतं. त्यांनी थांबवलं नाही.

कानात बुचं नव्हती. मी वाकून बघितलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

कपाटात दोन स्वेटर आहेत. माझा मरून, त्यांचा निळा. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणतो बिल आणा. नेसायची साडी काढताना रोज दिसतात. वर ट्रंकेत टाकले.

चकलीची भाजणी केली, चकल्या तळायला घेतल्या. ह्यांना म्हटलं, चक्कर मारून या. म्हणाले, कुठे? 

स्नेहल चहा घेता घेता म्हणाली, बाबा अँग्री नाहीत आई, अँग्री इज बेटर लाह. मी तिला बोलले, मोठ्या माणसांत नाक घालू नको म्हणून. मग कढईपाशी उभी राहिले. तेल तापून धूर आला तरी कळलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

चकलीचा डबा घेऊन प्रबोधकडे गेले. सरळ म्हटलं, काठी दे. त्याने आतून आणून दिली. पेटीही. काही विकलं नव्हतं, वापरलं नव्हतं, नीट पुसून ठेवलेलं. म्हणाला, मला माहीत होतं कोणीतरी न्यायला येईल. वहिनी येतील असं नव्हतं वाटलं.

मी म्हटलं, एक मासा मेला, त्याचं किती दिवस सुतक. तर म्हणाला, वहिनी, यादवरावांना माशाचं काही नाही. त्यांना तिथे नुसतं उभं राहायचं होतं.

मी म्हटलं, उभं राहायला एवढ्या लांब?

प्रबोधने डबा उघडला, चकली मोडली, खाल्ली. पुण्याच्या माणसाला उत्तर येत नाही म्हणजे प्रकरण बरं नाही. परत येताना लिफ्ट दोनदा वर गेली, मी खालीच उभी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार, पाडवा

संध्याकाळी ह्यांना ओवाळलं. ओवाळणी नवऱ्याने घालायची असते, त्यांनी पाकीट घातलं. मी मागून काठी काढून पाटाशेजारी ठेवली. म्हटलं, ही माझ्याकडून.

बघितली. हात लावला नाही. म्हणाले, नको. रागाने नाही, वाढप्याला ताटावर हात धरून म्हणतात तसं.

काठी चपलांच्या रॅकपाशी उभी आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सहाला उठले. हे आधीच खिडकीशी. चहा दिला. म्हटलं, प्रबोध खाली थांबलाय, जा. बसूनच राहिले. म्हटलं, पराठे बांधलेत, दोघांपुरते. हूं. म्हटलं, मिस्टर कोहना नवी कात्री घेतलीय, ती नेऊन द्या. हूं.

मग मला जे म्हणायचं नव्हतं ते म्हटलं. म्हटलं, मी येत नाहीये.

मान वळली.

म्हटलं, आज नाही, पुढच्या रविवारीही नाही. तुमच्या तळ्यावर मी परत येणार नाही.

खुर्चीवरून उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आपणहून मला काहीतरी विचारलं, किती दिवसांनी ते आठवत नाही. म्हणाले, नक्की ना?

म्हटलं, नक्की.

तेव्हा हसले. तोंड उघडून, मोठं. टोपी शोधली, पराठे घेतले, काठी घेतली, कात्री विसरून गेले. दार धाडकन लागलं. जिन्यात शीळ ऐकू आली, लिफ्टचीही वाट बघितली नाही.

हसले तेव्हा दिसलं. वरचा, डावीकडचा एक दात नाही. कधी पडला, कुणास ठाऊक. मी तर घरातच होते.